ज्यावर बसायचं, त्यातूनच बोलायचं

ट्रीहॉपर नावाच्या किड्यांमध्ये अंबोनिया म्हणून एक प्रकार आहे, जेमतेम एक सेंटिमीटरचा, पाठीवर असं टोक की फांदीवर बसला तर फांदीचाच काटा वाटावा. याची मादी फांदीच्या सालीत अंडी घालते आणि मग तिथून हलतच नाही, पिल्लं बाहेर आली तरी त्यांच्यापाशीच राहते, आणि पिल्लं त्याच फांदीवर एकमेकांना खेटून ओळीने रस शोषत बसलेली असतात. आता समजा एक गांधीलमाशी आली आणि तिने ओळीच्या एका टोकाचं पिल्लू धरायला सुरुवात केली, आई दुसऱ्या टोकाला, तिला यातलं काही दिसत नाही. तर होतं असं की ज्या पिल्लावर संकट आलंय ते अंगाला एक झटका देतं, तो झटका फांदीत उतरतो, शेजारच्याला पायातून कळतो, ते पण झटका देतं, मग त्याच्या पलीकडचं, असं करत करत क्षणात अख्खी ओळ एका लयीत फांदी हलवते. आणि आई धावत येते. अक्षरशः गांधीलमाशीच्या अंगावर जाते, पंख फडफडवते, लाथा मारते.

यात मला सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू का, एकट्या पिल्लाच्या झटक्याला आई फारशी दाद देत नाही, सगळ्यांनी मिळून लाट केली की मग उठते. आणि हल्लेखोर निघून गेला की ती स्वतः फांदीतून सिग्नल देते, तिचा सिग्नल आला की पिल्लांचं उगाच घाबरून झटके देणं कमी होतं. म्हणजे हाक आहे, सगळ्यांनी मिळून मारलेली हाक आहे, आणि ‘झालं आता, शांत व्हा’ हे पण आहे. अमेरिकेतल्या मिझुरी विद्यापीठातले रेक्स कॉक्रॉफ्ट यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सगळं रेकॉर्ड केलंय. आणि हे सगळं चालू असताना तुम्ही त्या फांदीपासून वीतभर अंतरावर कान लावून उभे असलात तरी तुम्हाला काही म्हणजे काही ऐकू येणार नाही, कारण यातलं हवेत जवळपास काही येतच नाही, सगळा कारभार फांदीच्या आत.

गेले बरेच दिवस मी या विषयात पूर्ण अडकलोय म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. जमीन, फांदी, वाळू, पोळं, कोळ्याचं जाळं, पाण्याचा पृष्ठभाग, ज्यावर प्राणी उभा आहे त्यातून कंपनं पाठवून बोलणं. या अभ्यासाला आता बायोट्रेमॉलॉजी म्हणतात, पेगी हिल आणि आंद्रेआस वेसेल यांनी २०१६ मध्ये हे नाव मांडलं, त्याआधी हा विषय ध्वनिशास्त्राच्या एका कोपऱ्यात पडून होता. पण आकडा बघा, कॉक्रॉफ्ट आणि राफाएल रोड्रिगेझ यांनी २००५ मध्ये अंदाज मांडला की कीटकांच्या सुमारे १,९५,००० जाती या मार्गाने संवाद साधतात आणि त्यातल्या बहुतेक फक्त याच मार्गाने. म्हणजे आपण ज्याला कीटकांचा आवाज समजतो, रातकिडे, सिकाडा वगैरे, ते अपवाद आहेत, नियम हा आहे.

आणि असं का आहे त्याचं कारण साधं आहे. हवेत आवाज लांब पाठवायचा तर आवाज काढणाऱ्याचं अंग आणि आवाजाची तरंगलांबी यांचा काहीतरी मेळ बसावा लागतो. १०० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १०० कंपनांच्या आवाजाची हवेतली तरंगलांबी जवळजवळ साडेतीन मीटर, आता पाच मिलिमीटरच्या किड्याने कितीही जोर लावला तरी त्याच्या अंगाभोवतीची हवा नुसती इकडची तिकडे सरकणार, आवाज काही पुढे जाणार नाही. म्हणून छोट्या किड्याला हवेत बोलायचं तर खूप उंच पट्टीत बोलावं लागतं, आणि त्यात ताकद फार जाते, शिवाय पक्ष्यांपासून सगळ्यांना ऐकू जातं. तोच किडा देठावर उभा राहून नुसतं पोट हलवेल तर १०० हर्ट्झचं कंपन आरामात देठात उतरतं आणि त्याच झाडावरच्या दुसऱ्या किड्यापर्यंत पोचतं. हात लागला की घाण वास सोडणारा तो हिरवा किडा, स्टिंक बग, नेमकं हेच करतो, साधारण १०० हर्ट्झच्या आसपास. भातावरचे तपकिरी तुडतुडे पण असंच देठातून एकमेकांना शोधतात.

ऐकायचं कशाने, तर पायांनी. कीटकांच्या पायात गुडघ्याच्या जरा खाली एक अवयव असतो, झुरळाच्या पायातला तर इतका नाजूक आहे की नॅनोमीटरपेक्षाही कमी हालचाल त्याला कळते. कोळ्यांच्या आणि विंचवांच्या पायांवर बारीक फटी असतात, पाय किंचित दाबला गेला की फट किंचित मिटते आणि तेवढ्यावर नस पेटते.

माणसाला हे कळायला इतका उशीर का झाला तर आपल्याकडे ते पायच नाहीत ना. स्वीडनचे फ्रेय ओसियानिल्सन यांनी १९४९ मध्ये तुडतुड्यांच्या गाण्यांवर मोठं काम छापलं, आणि त्यांची पद्धत काय होती तर काचेच्या नळीत किडा आणि गवताची काडी घालायची आणि नळी कानाला लावायची! तेवढ्यावर त्या माणसाने कितीतरी जातींची गाणी वेगवेगळी ओळखली. नंतर लोकांनी रेकॉर्ड प्लेअरची सुई देठाला टेकवून ऐकलं, आणि आता लेझर व्हायब्रोमीटर आहे, पानावर लेझर टाकायचा आणि परत आलेल्या प्रकाशावरून पान किती हललं ते मोजायचं, पानाला हात न लावता. हे यंत्र महाग असतं, पण गिटारला चिकटवतात तसली पिझो डिस्क, म्हणजे कंपनाचा विजेचा सिग्नल करणारी चकती, स्वस्तात मिळते, मी तीच एका झुडपाच्या खोडाला चिमट्याने लावली आणि छोट्या रेकॉर्डरला जोडून हेडफोन घातले. पहिल्यांदा नुसता वारा. वारा म्हणजे देठात किती गोंधळ असतो हे असं ऐकल्याशिवाय खरंच कळत नाही, एक झुळूक आली की घरंगळल्यासारखा जाडजूड आवाज येतो आणि बाकी सगळं बुडतं. मग वारा पडल्यावर मुंग्या चढताना बारीक टकटक, आणि मग एका बाजूने अगदी नियमित करकर, थांबायची, परत करकर, परत थांबायची. पान उलटून बघितलं तर सुरवंट. कडेने खात खात वरून खाली यायचा, मग डोकं वर नेऊन पुन्हा वरून सुरू, आणि प्रत्येक घासाचा आवाज हेडफोनमध्ये. मी फार वेळ तसाच उभा होतो.

आता या सुरवंटाचीच पुढची गोष्ट ऐका. मिझुरीतच हायडी ॲपल आणि कॉक्रॉफ्ट यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग छापला. मोहरीच्या कुळातलं एक छोटं रोप, ॲराबिडॉप्सिस, त्याचं पान कोबीवरची अळी खात असताना किती हलतं ते लेझरने मोजलं, ते कंपन रेकॉर्ड केलं, आणि मग अळीशिवाय, नुसतं ते कंपन दुसऱ्या रोपांच्या पानांना दिलं. पान कुणीच खाल्लं नाही, फक्त खाल्ल्याचं कंपन. नंतर त्या रोपांवर खऱ्या अळ्या सोडल्या तर रोपांनी मोहरीला झणका देणारी ती संरक्षक रसायनं न ऐकलेल्या रोपांपेक्षा जास्त तयार केली. आणि तेवढ्याच जोराचं वाऱ्याचं कंपन दिलं किंवा तुडतुड्याचं गाणं दिलं तर काही नाही, रोप ढिम्म! म्हणजे रोपाला करकर आणि झुळूक यातला फरक कळतो. हे वाचल्यापासून देठ म्हणजे दोन किड्यांमधली नुसती तार आहे असं मला म्हणवत नाही, आणि खरं सांगायचं तर ही पोस्ट मला मुख्यतः याचसाठी लिहायची होती. कंपन कुणी केलं याइतकंच ते कशातून गेलं हे महत्त्वाचं असतं.

देठाचंच घ्या. देठात कंपनं जातात ती वाकण्याच्या लाटांनी, म्हणजे देठ किंचित आडवा हलत जातो, आणि या लाटांचा स्वभाव असा की उंच फ्रिक्वेन्सी पुढे पळते आणि खालची मागे राहते. त्यामुळे किड्याने एकदाच टक केलं तरी दूरच्या टोकाला ते टक म्हणून पोचत नाही, पसरून, वरून खाली घसरत जाणारा आवाज होऊन पोचतं. वर देठाच्या टोकावरून आणि मुळाकडून लाटा परत फिरतात, काही ठिकाणी एकमेकींना मारतात, त्यामुळे एका जागी सिग्नल जोरात असतो आणि दोन बोटं पुढे जवळपास गायब. आणि प्रत्येक झाड काही फ्रिक्वेन्सी बरी पोचवतं, काही खाऊन टाकतं. एन्केनोपा नावाच्या ट्रीहॉपरच्या गटात प्रत्येक जात आपल्या ठरलेल्या झाडावर राहते आणि नराच्या गाण्याची पट्टी जातीजातीत वेगळी असते, मादी आपल्याच जातीच्या पट्टीला उत्तर देते. झाड बदललं, की जग बदललं, जोडीदार बदलला.

मधमाश्यांचं नाचाचं प्रकरण सगळ्यांना माहीत असतं, कार्ल फॉन फ्रिश, १९७३ चं नोबेल, कामकरी माशी पोळ्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी फिरून फुलांची दिशा आणि अंतर सांगते. पण पोळ्याच्या आत मिट्ट काळोख असतो, तिथे नाच बघणार कोण? आजूबाजूच्या माश्या स्पर्शिकांनी, हवेच्या हालचालीतून आणि पायाखालच्या कंपनांतून तो समजून घेतात. जर्मनीतले युर्गेन टाउट्झ यांनी १९९६ मध्ये दाखवलं की नाच पोळ्यातल्या रिकाम्या, उघड्या घरांवर झाला तर मेणाने बंद केलेल्या घरांवरच्या नाचापेक्षा साधारण तिप्पट माश्या खाद्यावर पोचतात. नाच तोच, माशी तीच, पण उघड्या घरांच्या भिंतींच्या कडा हलू शकतात आणि बंद घरांच्या हलू शकत नाहीत. मला हा प्रयोग फार म्हणजे फार आवडतो.

पोळ्यात अजून एक गोष्ट चालते जी लोकांना कमी माहीत असते. नवीन राण्या तयार होत असतात तेव्हा जी आधी बाहेर पडते ती पोळ्यावर फिरताना अंग दाबून एक लांब पिपाणीसारखा सूर काढते, आणि ज्या अजून आपापल्या कोठडीत बंद आहेत त्या आतून बसक्या आवाजात उत्तर देतात. मेणातून हे सगळीकडे पोचतं. बाहेरची राणी सूर लावतेय तोवर कामकरी माश्या आतल्यांना बाहेर येऊ देत नाहीत, ती थवा घेऊन निघून गेली आणि सूर थांबला की मग पुढची राणी बाहेर सोडतात.

वाळूची तऱ्हा आणखी वेगळी. वाळूत काही ऐकू जाणार नाही, सगळं त्यातच जिरणार असंच बरेच दिवस मानलं जायचं. फिलिप ब्राउनेल यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावी वाळवंटातल्या विंचवावर काम छापलं. हा विंचू रात्री वाळूवर निश्चल उभा असतो, आणि अर्धा मीटरपर्यंतच्या अंतरात वाळूखाली एखादं झुरळ उकरायला लागलं की वळतो आणि नेमका त्या दिशेने जातो, डोळ्यांचा काही उपयोग न करता. वाळूच्या पृष्ठभागावरची लाट फार हळू जाते, सेकंदाला पन्नासेक मीटर, हवेतल्या आवाजाच्या साधारण सातवा भाग, आणि हेच विंचवाच्या पथ्यावर पडतं. आठ पाय गोलाकार पसरलेले, लाट आधी एका पायाला लागते आणि पलीकडच्या पायाला जेमतेम एक मिलिसेकंद उशिरा, आणि विंचवाला यापेक्षाही कमी, ०.२ मिलिसेकंदाचा फरक कळतो. ब्राउनेल यांनी तर विंचवाचे काही पाय एका पाटावर आणि काही दुसऱ्या पाटावर ठेवून, मध्ये फट सोडून, दोन्ही पाट थोड्या वेळाच्या फरकाने हलवले, आणि विंचू बरोबर ज्या पाटाला आधी धक्का लागला तिकडे वळला. वाळू दगडासारखी वेगाने लाटा नेणारी असती तर इतक्या छोट्या अंगाला हे जमणं अवघड होतं.

मोठ्या प्राण्यांमध्ये हत्ती. केटलिन ओकॉनेल यांनी नामिबियातल्या एटोशा राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्याजवळ वर्षानुवर्षं काम केलंय. हत्तींचा खालच्या पट्टीतला घुमारा, २० हर्ट्झच्या आसपासचा, हवेत जातो तसाच जमिनीत पण जातो. धोक्याची हाक नुसती जमिनीतून वाजवली तर कळप एकत्र येतो, जागेवर थिजतो, काही हत्ती एक पाय उचलून बाकीच्या तीन पायांवर भार देतात. २००७ मध्ये त्यांनी छापलं की त्याच भागातल्या हत्तींची हाक वाजवली तर कळप जसा सावध होतो तसा केनियातल्या अनोळखी हत्तींच्या हाकेला होत नाही. म्हणजे पायातून नुसतं ‘धोका’ नाही, ‘कोण सांगतंय’ हे सुद्धा कळत असावं.

पण ऐकणारा दरवेळी मित्रच असेल असं नाही, आणि सांगणारा खरं सांगेल असंही नाही. पोर्शिया नावाचा उड्या मारणारा कोळी दुसऱ्या कोळ्याच्या जाळ्यावर जाऊन धागे छेडतो, एक ताल लागू पडला नाही तर दुसरा, तिसरा, जोवर मालक कोळी शिकार समजून पुढे येत नाही तोवर. आणि वारा सुटून जाळं हलायला लागलं की त्या गोंधळात तो पुढे सरकतो, म्हणजे आपली पावलं झाकायची कशी हे पण त्याला कळतं.

याच्या उलट बाजूला लाल डोळ्यांच्या झाडबेडकाची अंडी. मध्य अमेरिकेत तळ्यावर ओणवलेल्या पानांवर ही अंडी असतात, साप येऊन खायला लागला की अजून वेळ न झालेली पिल्लं काही सेकंदांत अंडं फोडून खाली पाण्यात पडतात. केरेन वॉर्केंटिन यांनी पनामात यावर अनेक वर्षं काम केलं. प्रश्न असा की पावसाचे थेंब कित्येकदा सापापेक्षा जास्त जोराने अंडी हलवतात, मग पिल्लं पावसात का उड्या मारत नाहीत? कारण ती जोर मोजत नाहीत, लय मोजतात. सापाचे धक्के लांब आणि मधे मधे थांबून, पावसाचे छोटे आणि सतत. सापाच्या हल्ल्याचं रेकॉर्डिंग अंड्यांना दिलं तर ती फुटतात, पावसाचं दिलं तर फारशी नाही. जन्माला न आलेल्या जिवाला हा फरक कळतो आणि त्यावर तो निर्णय घेतो, त्याचा आतला कान पुरेसा तयार झाल्यापासून पुढे.

गांडुळांवर चार्ल्स डार्विन यांनी घरातच प्रयोग केले होते, १८८१ मध्ये छापलेत. गांडुळांच्या कुंड्या पियानोजवळ टेबलावर ठेवून पियानो जोरात वाजवला, काही फरक नाही. त्याच कुंड्या पियानोवर ठेवून एक खर्जातला सूर वाजवला, गांडुळं तत्काळ बिळात. आणि अमेरिकेत फ्लोरिडाच्या ॲपलाचिकोला जंगलात लोक लाकडी खुंट जमिनीत ठोकून त्यावर लोखंडी पट्टी घासतात आणि भराभर गांडुळं वर येतात, गळाला लावायला विकतात. केनेथ कॅटेनिया यांनी २००८ मध्ये दाखवलं की गांडुळं वर पळतात कारण ती घरघर बीळ उकरत येणाऱ्या मोल या प्राण्यासारखी असते, आणि मोल जमिनीवर येऊन पाठलाग करत नाही. माणसाने नकळत शिकाऱ्याचा आवाज काढायला शिकून घेतलं.

हे ज्ञान वापरायचं कसं याचं मला सगळ्यात चांगलं वाटणारं उदाहरण इटलीतलं आहे. द्राक्षवेलींवर एक तुडतुडा असतो, स्कॅफॉयडियस, उत्तर अमेरिकेतून युरोपात आलेला, तो वेलींना पिवळं पाडणारा रोग पसरवतो आणि त्यासाठी बेसुमार फवारण्या होतात. याचं लग्न जमतं ते वेलीच्या देठातून, नर हाक देतो, मादी बरोबर त्याच्या ठेक्यात उत्तर देते, असं करत नर तिच्यापर्यंत पोचतो. पण मधे दुसरा नर आला तर तो मुद्दाम एक खरखरीत कंपन सोडून दोघांचा संवाद मोडतो. व्हॅलेरिओ मॅझोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खरखरच रेकॉर्ड केली आणि वेली ज्या तारांवर चढवतात त्या तारांना छोटी कंपन यंत्रं लावून ती सगळ्या वेलींमध्ये सोडली, आणि बहुतेक माद्यांची जोडी जमलीच नाही. २०१७ पासून सान मिकेले आल्लादिजे इथे प्रत्यक्ष मळ्यात हे चालवून बघितलं. विष नाही, वास नाही, मळ्यात उभ्या माणसाला काही जाणवत पण नाही.

मात्र त्याच तारा, तेच खांब, तीच जमीन आपण एरवी दिवसभर हलवत असतो, पंप, रस्ते, रेल्वे, पवनचक्क्या, आणि आवाजाच्या प्रदूषणाची मोजणी होते ती हवेतल्या डेसिबलमध्ये. रस्त्याच्या कडेच्या झुडपाला डिस्क लावून बघा, गाड्या नजरेआड झाल्या तरी देठात गुरगुर चालूच असते, आणि नेमकी त्याच खालच्या पट्टीत जिथे हे किडे बोलतात. पर्यावरणाचे अहवाल करणाऱ्यांनी एक मायक्रोफोन हवेत धरला तर एक सेन्सर जमिनीला आणि एक झाडाला लावायला हवा असं मला अगदी मनापासून वाटतं, खर्च काही फार नाही.

तुम्हाला करून बघायचं असेल तर पहाटेची वेळ धरा, वारा पडलेला असतो. डिस्क पानाला लावू नका, पान वाकतं, खोडाला किंवा जाड देठाला लावा आणि केबल झाडाला घासणार नाही अशी सोडा. रेकॉर्डरवर गेन, म्हणजे येणारा सिग्नल किती मोठा करून घ्यायचा ते, वाढवा पण खालच्या फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर बंद ठेवा, नाहीतर जे ऐकायला बसलाय तेच तो कापून टाकेल. आणि निदान पंधरा मिनिटं त्या झाडाला हात लावू नका, तुमच्या हाताचा धक्का बसला की सगळे गप्प होतात.